बोटभर खाली

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली, ती फरशीपेक्षा बोटभर खाली. थांबताना एक बारीक हिसका बसला. आतल्या माणसांपैकी कुणाला तो जाणवला नसावा. एकाने खोकला दाबला, एका बाईने फुलांचा गुच्छ या हातातून त्या हातात घेतला, आणि दार उघडल्यावर सगळे खाली न बघता पाय उचलून बाहेर पडले. ती मात्र क्षणभर आतच राहिली. हिसके ओळखणे हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. इमारतींच्या लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात ती निरीक्षक होती, आणि ब्रेकचे पट्टे झिजलेत, की दोर ताणला गेलाय, की नुसतेच वजन जास्त झालेय, हे तिच्या पायांना तिच्या डोक्याच्या आधी कळत असे. पट्टे, असे पायांनी सांगितले. मग डोक्याने सांगितले की दोन मजले खाली, यकृतविभागातल्या त्या गार खोलीत डॉक्टरबाई जे बोलल्या ते ती एका हिसक्याएवढा वेळ विसरली होती. विसरता येते तर, असे तिला वाटले, आणि तेवढ्यात ते परत आले. घाईने नव्हे, ओळखीच्या माणसाने शेजारी येऊन उभे राहावे तसे.

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नव्हता की उतरवला नव्हता. "तुमच्याही रक्तात तोच विषाणू आहे. हिपॅटायटिस बी. तुमच्या भावाला आहे तोच," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. भावाच्या यकृतात लिंबाएवढी गाठ सापडल्यावर घरातल्यांचे रक्त तपासायचे असते म्हणून ती आली होती. रांगेत उभे राहून दंड पुढे करून गेली होती, एखाद्याच्या तक्रारीवरून दुसऱ्याच इमारतीची लिफ्ट बघायला जावे तशी. तिला काही होत नव्हते. भूक नीट लागत होती, झोप नीट लागत होती, मचाणावर चढताना धाप लागत नव्हती. "काही होत नाही, हेच तर या अवयवाचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखत नाही, बोलत नाही. वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस एकदम सांगतं." मग त्यांनी सांगितले की तिच्या यकृताला थोडी सूज आहे, रोज एक गोळी घ्यायची, कायमची, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. तिने विचारले, हे आले कुठून. डॉक्टरबाईंनी आईचे वय विचारले. भावाबहिणीला एकच विषाणू, दोघांना बहुधा जन्मापासून. अशा वेळी तो जन्मताना आईच्या रक्तातून येतो, आईला स्वतःला कधी पत्ताही नसतो. "आईचंही रक्त बघायला हवं," त्या म्हणाल्या. "दोष शोधायला नाही. त्यांनाही गोळी लागत असेल तर द्यायला." तिने मान हलवली. तिच्या मुलीची तपासणी आधीच झाली होती आणि तिच्यात काही निघाले नव्हते: ती जन्मली तेव्हा बाळांना पहिल्याच दिवशी लस टोचायचा नियम नुकता आला होता, आणि कुठल्याशा परिचारिकेने, कुणाला काही न विचारता, रिवाज म्हणून ती टोचली होती. एवढ्यावर निभावले होते.

ती पाय उचलून बाहेर आली. भावाच्या खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीकडची त्याची, दाराकडची एका निवृत्त बसड्रायव्हरची, ज्यांना सगळा मजला ड्रायव्हरकाका म्हणत असे. त्यांच्याही यकृतात गाठ होती. दोघे पलंगावर मांडी घालून समोरासमोर बसले होते आणि आपापल्या विषाणूंविषयी, लोक जावयांविषयी बोलतात त्या सुरात बोलत होते.

"या निरीक्षकबाई," काका म्हणाले. "तुमच्या दादाला समजावतोय, त्याचा भाडेकरू सभ्य आहे."

"सभ्य कसला? भाडं न देता जन्मभर ठाण मांडून बसलाय," दादा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, हा जायचाच नाही. गोळीने फक्त गप्प बसतो."

"बसतोय ना गप्प? आणि भिंती शाबूत ठेवल्यात की त्याने. माझा हिपॅटायटिस सी बघ. तीन महिने गोळ्या घेतल्या, गुमान निघून गेला. रक्तात आता टिपूस नाही त्याचा. पण जाण्याआधी घराचं काय करून ठेवलंन? गिलावा उडाला, पाया खचला. आणि तो गेल्यावर चार वर्षांनी ही गाठ. तुझी गाठ कापतील, तू घरी जाशील. माझ्या घराला हातोडा लावला तर छप्पर डोक्यावर येईल म्हणतात."

"मग तुमची कशी काढणार?"

"काढत नाहीत, उपाशी मारतात. मांडीतून नळी घालून तिचं रक्त तोडतात. पुन्हा वाढली की पुन्हा. मधल्या काळात कुणाचं लिव्हर मिळालं तर मिळालं." काकांनी चादरीवरची सुरकुती तळव्याने सारखी केली. "पण एक आहे हं. सी हाकलला म्हणून उरलंय तेवढं तरी टिकलंय. तो आत असता तर ही नळीसुद्धा झेपली नसती. म्हणजे उशिरा गेला, पण गेला ते बरंच केलं."

त्यांना तो विषाणू फार पूर्वी, अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून मिळाला होता; ज्या रक्ताने त्यांना वाचवले त्याच रक्तातून, आणि याचे ते कधी नवल करीत नसत, फक्त सांगत. एकाच्या घरात चोर शिरला तो वर्षानुवर्षे मोडतोड करीत, दुसऱ्याच्या घरात तो नीटनेटक्या दिवाणखान्यात आला आणि कपाट उघडून बसला. शेवटी दोघांच्या खाटा एकाच खोलीत आल्या. ती ऐकत होती आणि तिचा उजवा हात, तिच्या नकळत, बरगड्यांच्या खाली, जिथे तो अवयव असतो असे तिला आत्ताच कळले होते, तिथे जाऊन थांबला होता. तळव्याखाली काही नव्हते. साडीचा काठ, त्याखाली कातडी, त्याखाली ऊब. मशीनरूम अशीच असते, तिला वाटले. इमारतीत माणसे वर जातात, खाली येतात, आरशात केस सारखे करतात, आणि गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत एक चाक त्यांच्यासाठी फिरत असते, ज्याचा विचार कुणी करीत नाही. तिच्या कामात तिला ही खोली सर्वांत आवडत असे. ग्रीस, धूळ आणि तापलेल्या तारेचा वास. तिथे उभे राहून तिने कितीदा सोसायटीच्या चिटणिसांना सांगितले होते की बिघडलेल्या गोष्टीकडे कुणीही बघतो, आम्ही न बिघडलेल्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येऊन बघतो, त्याचाच आम्हाला पगार आहे. चिटणीस हसत, चहा मागवत.

दादाच्या बाबतीत मात्र कुणी आत बघितलेच नव्हते, कारण सगळ्यांना बाहेरूनच कळले होते. तो दुकानांच्या पाट्या रंगवी. शिडीवर उभ्याने, तिरक्या हाताने, अक्षराची गोलाई एका दमात ओढणारा दादा. आणि काही वर्षे तो प्यायला होता. मोजकी नव्हे, चांगली प्यायला होता. मग एके दिवशी, कुणाला न सांगता, थांबला होता. थांबल्याला इतका काळ लोटला की त्याचे पिणे ही गोष्ट घरात फक्त आईच्या बोलण्यात जिवंत राहिली होती. शिडीवर असताना उजव्या कुशीत जड जड वाटू लागले, आणि पुढे गाठ निघाली, तेव्हा आई फोनवर एवढेच म्हणाली, "बाटलीने केलं." आणि तिला स्वतःला, दादाच्या बहिणीला, ते ऐकून दुःखाच्या शेजारी आणखी काहीतरी वाटले होते. फार पूर्वी मांडलेले गणित बरोबर सुटले तर वाटते तसे. त्या सुखाला नाव देण्याचे तिने तेव्हा टाळले होते. आता ते तिच्या पोटात, त्या उबेच्या आसपास कुठेतरी, खड्यासारखे लागत होते. ती कॉलेजात असताना तो संध्याकाळी यायचा, दारात चप्पल काढताना भिंतीला हात टेकायचा, आणि ती उठून आपल्या खोलीचे दार लावून घ्यायची. स्वयंपाकघरात त्याचा पेला तिने वेगळा काढून ठेवला होता. पितळेचा, कडेला पोचा आलेला. कुणी तसे सांगितले नव्हते, आईनेही नाही. त्याने एकदा दुसऱ्या पेल्यात पाणी घेतले तर तिने तो पेला त्याच्यादेखत दोनदा घासला. त्या दिवसापासून तो पोच्याच्या पेल्यातूनच पाणी पीत राहिला, दारू सुटल्यावरसुद्धा. आणि आज डॉक्टरबाईंनी, घरी काय काळजी घ्यायची ते सांगताना, तिला म्हटले होते: दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर, तेवढं वेगळं ठेवा, पेल्याताटाने काही होत नाही.

काका तपासणीसाठी खाली गेले तेव्हा तिने दादाला सांगितले. खिडकीत बसून, रस्त्याकडे बघत, जसे सुचले तसे सांगितले: मलाही आहे, तोच, आणि तो दोघांनाही जन्मल्यापासून. दादा बराच वेळ समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत होता. तिला माहीत होते की तो वाचत नाही, अक्षरांतली अंतरे तपासतोय.

"म्हणजे दारू नव्हे," तो म्हणाला.

"दारूने हातभार लावला असेल म्हणाल्या. पण मूळ ते नाही. न पिताही झालं असतं."

तिला वाटले होते, तो सुटल्यासारखा श्वास सोडेल. आपण कधीतरी त्याला हे सांगू, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते सगळे उतरेल, आणि आपल्याला ते बघायला मिळेल, हा एवढा एक मोबदला तिने त्या दोन मजल्यांच्या प्रवासात मनाशी धरला होता. तसे काही झाले नाही. उलट तो चिंतेत पडला, एखादे जड सामान कुठे ठेवायचे अशा.

"आईला बोललीस?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस."

"दादा, ती अजून सगळ्यांना सांगते, बाटलीने केलं म्हणून. शेजारणींना, डब्याच्या बाईला, सगळ्यांना."

"सांगू दे की. प्यायलो नव्हतो काय? माझ्या हाताने, माझ्या मर्जीने प्यायलो. त्यावरून ती मला इतकी वर्षं बोलतेय, तिची जीभ बसलीय त्यावर. ते काढून घेतलंस आणि त्या जागी हे ठेवलंस तर या वयात ती काय करेल? कुठे नेऊन ठेवेल हे?" तो थोडा हसला. "दारूचं माझं आहे. ते माझ्याकडेच राहू दे. त्यात तुझी ढवळाढवळ नको."

"तिचं रक्त तपासावं लागेल."

"तपासा ना. कारण दुसरं सांगा. तू सरकारी माणूस आहेस, कारणं तुला कमी आहेत का?"

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्या काळी जेव्हा लांबचा फोन माणसाच्या हाताने जोडून द्यावा लागे. निवृत्त होऊन किती काळ झाला तरी ती खुर्चीत पाठ टेकून बसत नसे, आणि कुणी बोलू लागले की डोके किंचित डावीकडे कलवी, कानावर अजून तो जड हेडफोन असल्यासारखी. शहराच्या निम्म्या भांडणांच्या, लग्नांच्या, मरणांच्या बातम्या तिच्या कानांवरून गेल्या होत्या आणि त्यांतली एकही तिने घरी आणली नव्हती. ऐकायचं, जोडायचं, विसरायचं, असे ती म्हणे. विसरत मात्र नसावी. तिला सांगितले की दादाच्या ऑपरेशनआधी घरच्या सगळ्यांचे रक्त बघतात, तेव्हा तिने लगेच पदर सावरून बाही वर केली. "घ्या की," रक्त घ्यायला आलेल्या मुलीला ती म्हणाली. "म्हातारीच्या रक्तात काय निघणार? निघाला तर रागच निघेल, तो आमच्याकडे भरपूर आहे." मुलगी हसली. सुई शिरताना आई दुसरीकडे बघत नव्हती. नळीत चढत जाणाऱ्या त्या गडद रेषेकडे ती लक्ष देऊन पाहत होती, आणि तिच्या शेजारी उभ्या लेकीला, आपण कशाकडे बघतो आहोत हे ठाऊक असल्यामुळे, दुसरीकडे बघावे लागले.

निकाल आला तो डॉक्टरबाईंनी तिला एकटीला सांगितला. आईच्या रक्तात तो होता. पण निजलेला, यकृत तिच्या वयाच्या मानाने छान, गोळीचीसुद्धा गरज नाही, फक्त लक्ष ठेवायचे. तोच विषाणू, तिघांच्यात: एकीत आयुष्यभर निजून राहिला, दुसरीत हळूहळू धुमसतोय, तिसऱ्यात गाठ होऊन उठला. असे का, तिने विचारले. पुरुषांत जास्त होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, दारूने वेग येतो, विषाणूची स्वतःची तऱ्हा असते, आणि मग, "एवढं सगळं सांगूनही, याच माणसाला का, ते सांगता येत नाही." तिला हे उत्तर आवडले. खात्याच्या अहवालात ते चालले नसते.

घरी तिने आईला सांगितले की सगळे ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघतील.

"ठीक आहे तर पुन्हा कशाला?"

"ठीक आहे हेच पुन्हा पुन्हा बघायचं असतं."

"हं," आई म्हणाली, आणि डोके डावीकडे कलवले.

त्या दिवसांत ती आईकडेच राहत होती. घरात एकच नेलकटर होते, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेले, तिघांच्या नखांनी बोथट झालेले. तिने नवे दोन आणले आणि जुने टाकून दिले. आपला ब्रश मोरीतल्या फळीवरून काढून पिशवीत ठेवला. सकाळी चहाआधी, पाठमोरी होऊन, ती आपली गोळी घेई. तशीच पांढरी डबी दादाच्या उशाशी होती. आई भाजी निवडत बसलेली असे आणि वर बघत नसे. आणि ती मात्र रोज दुपारी कुठल्या तरी इमारतीच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभी राहून, दोरावर विजेरीचा झोत टाकी, तारांचे पदर बोटांनी चाचपी आणि अचानक तिच्या लक्षात येई की आपण दोर तपासत नसून कुणीतरी आपल्यावर झोत टाकून बघते आहे, तळापासून टोकापर्यंत, आणि काय दिसले ते सांगत नाही. भीती वाटे असे म्हणता येणार नाही. कुठेतरी, फरशी जिथे असायला हवी तिथून बोटभर खाली, ती राहू लागली होती. सगळे नेहमीसारखेच, फक्त प्रत्येक उंबरठ्याशी पाय थोडा जास्त उचलावा लागे.

ऑपरेशन नीट पार पडले. गाठीसकट यकृताचा एक भाग काढला. उरलेला निरोगी होता, तो वाढून भरून येईल असे सांगितले गेले. त्याच सुरात हेही सांगितले गेले की गाठ परत येऊ शकते, म्हणून गोळी चुकवायची नाही, दारूचा थेंब नाही आणि तपासण्या ठरल्या वेळी. दादाला वरच्या खोलीत आणल्याचा निरोप आला तेव्हा ती आईला घेऊन निघाली. तळमजल्यावर लिफ्टमध्ये दोघीच शिरल्या. दार लागले. पहिल्या मजल्याचा दिवा लागून विझला.

"तुलाही तेच आहे ना?" आई म्हणाली. समोरच्या दाराकडे बघत, एखादा नंबर विचारावा तशी.

नाही म्हणायला जो श्वास लागतो तो तिने घेतला होता, पण तो तसाच राहिला.

"एकाच रंगाच्या डब्या आहेत. नेलकटर नवं आणलंस. तू तर कधी थेंबाला शिवली नाहीस." दुसरा मजला गेला. "आमच्याकडे दोन वेगळ्या घरांच्या फोनवर एकच खरखर ऐकू आली, तर घरांत माणूस धाडत नसत. दोन्ही तारा जिथून निघतात तिथे बघायचे. मग माझ्याच रक्ताला एवढी घाई का, ते कळलं." आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. "माझ्यात काय करतंय ते?"

"निजलंय. काही करत नाही."

"मला काही केलं नाही," आई म्हणाली. तिने हे तक्रारीच्या स्वरात म्हटले, जणू आपल्यावर कुणी मेहेरबानी केली आणि ती आपण मागितली नव्हती. तिसरा मजला. लिफ्टच्या भिंतीला धरलेली आईची बोटे पांढरी पडली होती, आणि तिला वाटले की आता हात त्या बोटांवर ठेवावा, आणि ठेवला. आईने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"त्याला माहितीय?"

"माहितीय. त्यानेच सांगू नको म्हटलं तुला. म्हणाला, दारूचं माझं आहे, ते माझ्याकडे राहू दे."

चौथ्या मजल्यावर दार उघडले, समोर कुणी नव्हते, दार पुन्हा लागले. त्या रिकाम्या दारातून आत आलेला औषधी वास दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"असा कधीपासून शहाणा झाला तो?" आई शेवटी म्हणाली. मग, आवाज सारखा करून, "मला कळलंय हे त्याला कळायला नको. तू काही बोलायची नाहीस. इथून तिथे जोडायचं काम माझं होतं, तुझं नाही."

लिफ्टने तो बारीक हिसका दिला. हे दार उघडले की खाली नोंद द्यायची, पट्टे बदलून घ्यायचे, तिने मनात ठरवले. "जपून आई, फरशी वर आहे," ती म्हणाली. "दिसतंय मला," म्हणत आईने पाय नीट उचलला.

खोलीत दादा उशांना टेकून पडला होता, चेहरा मेणासारखा, नाकाशी नळी. ड्रायव्हरकाका पुढच्या नळीसाठी आदल्या दिवशीच परत दाखल झाले होते. त्यांनी हळूच हात वर केला. आई खाटेशी गेली. बराच वेळ ती त्याच्या पोटावरच्या चादरीकडे पाहत राहिली, जिथे टाके असतील तिथे. तिचा हात थोडा पुढे झाला, परत आला. तिने तो कमरेवर ठेवला.

"भोगलीस ना बाटलीची फळं?" ती म्हणाली. "कितीदा सांगितलं होतं. कान होते कुठे तुझे?"

दादाच्या कोरड्या ओठांवर काहीतरी हलले. त्याने आईच्या मागे उभ्या बहिणीकडे पाहिले, आणि त्या नजरेत विजय होता, सगळे ठरल्याप्रमाणे जागच्या जागी असल्याचा. "चुकलंच," तो म्हणाला.

"आता पुन्हा हात लावशील तर बघ."

"नाही लावत."

"त्या बरोबर बोलतायत," काका म्हणाले.

आई म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका," आणि खुर्ची ओढून, पाठ न टेकता, त्याच्या उशाशी बसली. बोलता बोलता तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले; पुन्हा सारले, नव्हते तरी. खिडकीपाशी पाण्याचा तांब्या आणि एकच पेला होता. बहिणीने पेल्यात पाणी ओतले, आधी स्वतः दोन घोट प्यायली, आणि मग तोच पेला, न घासता, न पुसता, त्याच्या ओठांना लावला.